कासव, चार हत्ती आणि वाचकांचे दोन तट

टेरी प्रॅचेटच्या ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) या इंग्रजी विनोदी कादंबरीबद्दल वाचकांत आजही दोन तट आहेत. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, त्यांच्यावर थाळीसारखे सपाट जग. तिथे भटकतात एक पळपुटा जादूगार आणि एक भोळा पर्यटक.

एक तट म्हणतो, कथा विस्कळीत, शेवट अधांतरी. पुढचे कळायला १९८६ चा दुसरा भाग घ्यावा लागतो. तक्रार खरी आहे. दुसरा म्हणतो, हसू आले ना, मग पुरे! मला मात्र एवढ्याने पुरे वाटत नाही. विमा कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्या शहरात पर्यटक खानावळवाल्याचा आगीचा विमा उतरवतो. पैशाच्या आशेने तो स्वतःच आग लावतो आणि शहर पेटते. नवा शब्द अर्धाच कळला की काय होते, ते इथे हसत हसत कळते.

आपल्या दुभाषी घरांना हे काय सांगावे! कन्नड सासूबाईंनी ‘ये’ या अर्थी ‘बा’ म्हटले, की गावाकडच्या मराठी सुनेला वडील आठवतात.

वाचकहो, प्रॅचेट नवा असेल तर ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) आधी वाचा. कासवाकडे मग सावकाश वळा.