पाडवा आला, वसंत यायचा आहे

वसंताला ऋतुराज म्हणायला आपण शाळेतच शिकतो. पण भीमेकाठच्या कोरेगावात वाढलेल्या मुलाला त्या राजाचा थाट फारसा जाणवत नाही. चैत्र उजाडतो तो उन्हाचा चटका घेऊनच. कांदा काढायची घाई, कालव्याच्या पाण्याकडे लागलेले डोळे आणि नगर रस्त्यावरची धूळ. शिवाय आमच्या भागात पाडव्याच्या आदल्या दिवसाला वेगळेच वजन आहे. १६८९ साली फाल्गुन अमावास्येला छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांची समाधी जवळच, वढू बुद्रुकला. त्या दिवशी लोक तिथे जाऊन माथा टेकतात आणि दुसऱ्या सकाळी दारात गुढी उभारतात. शोक आणि सण असे पाठोपाठ येतात. आम्ही आतुरतेने वाट पाहिली ती मृगाचीच.

वसंत मला कळला तो शिकागोत. तिथल्या एका उपनगरात मी अकरा वर्षे काढली. नोव्हेंबरात उघडी पडलेली झाडे एप्रिलपर्यंत तशीच उभी असतात. डिसेंबरात साडेचारलाच अंधार, रस्त्याकडेला मिठाने काळवंडलेला बर्फ. आणि मग एका सकाळी त्या बर्फातूनच क्रोकसची जांभळी कळी डोके वर काढते. पुढे फोर्सिथियाची झुडपे पिवळ्या फुलांनी भरून जातात. आपल्या पळसासारखेच, आधी फूल मग पान. हिवाळाभर नुसती मान हलवणारा शेजारी कुंपणापाशी गप्पा मारायला थांबतो. पहिल्या वर्षी तर मी मोटार बाजूला घेऊन एक झुडूप नुसते पाहत बसलो होतो.

त्याच रविवारी आईला फोन केला. ती म्हणाली, "विहिरीनं तळ गाठलाय रं. तुझ्याकडं कसं हाय?"

"थंडीच आहे अजून," मी म्हणालो. खोटे होते ते. खिडकीतून ऊन आत आले होते आणि मी खुशीत होतो. पण गावाला पाण्याची ओढ असताना परक्या फुलांचे कौतुक सांगणे मला फितुरीसारखे वाटले.

ही लाज चुकीची होती, असे आता माझे मत झाले आहे. परदेशातल्या माणसाने फुलांचे फोटो पाठवले की आपण इथे 'साहेब झाला' म्हणून हसतो. तो अन्याय आहे. तिथला हिवाळा म्हणजे काही नुसती गैरसोय नव्हे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या आणि वर्षाच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात वारल्या. त्यांची प्रकृती तिथेच ढासळली होती. आज घरे उबदार असतात, हे खरे. तरी आपण एका संकटातून सुटलो हे शरीराला कळतेच. पहिल्या सरीत आपण अंगणात धावतो ना, तसेच हे.

घोटाळा होतो तो गुढीचा. तिथी काही शिकागोचे हवामान पाहून येत नाही. मंडळाचा कार्यक्रम सोयीच्या शनिवारी. घरची गुढी मात्र आम्ही तिथीलाच उभारायचो. एका पाडव्याला बाहेर बर्फ भुरभुरत असताना मुलीने विचारले, "बाबा, वसंत आला म्हणून गुढी ना? मग कुठे आहे तो?" मी म्हणालो, "पाडवा आला, वसंत यायचा आहे." तीन-चार आठवड्यांनी फोर्सिथिया फुलली, तेव्हा आम्ही पुन्हा श्रीखंड केले. पालवी, बहर हे शब्द ती पुस्तकातून नव्हे, त्या परक्या झाडांवरून शिकली. मराठीचे यात काही बिघडले असे मला वाटत नाही. बिघडते ते अंगणातले झाड सोडून मुलांना फक्त आपल्या आठवणीतले झाड दाखवले की.

त्या वर्षी आईला मी सगळे सांगितले. बर्फातली कळी, पिवळी झुडपे, पहिल्या वर्षीचे खोटेसुद्धा. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी का नाय सांगितलंस? हितं बी निंबाला तांबूस पालवी आलीया. सांगायला तरी कुणाला सांगू?"