इंजिन वीस पाउंडांचं, पण गिअर मिळेना: जुन्या मॉडेल ट्रेनमधून ‘राइट टू रिपेअर’ समजून घेऊया

समजा, तुम्ही शिकायला इंग्लंडला गेला आहात. रविवारी जुन्या खेळण्यांच्या बाजारात एक मॉडेल रेल्वे इंजिन दिसतं. खोका नाही, एक बफर तुटलेला, पण रंग एकदम झकास. २० पाउंड देऊन तुम्ही ते घरी आणता. रुळावर ठेवून वीज दिली की मोटर गुणगुणते, पण चाकं फिरत नाहीत. किंवा फिरतात, पण प्रत्येक फेरीला ‘टक’ असा आवाज येतो.

अशा वेळी पहिला संशय आतल्या प्लास्टिकच्या गिअरवर घ्यायचा. हा गिअर धातूच्या अ‍ॅक्सलवर दाबून बसवलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच्यावर ताण राहतो, प्लास्टिक आकसतं आणि एक दिवस केसासारखी चीर पडते. पार्ट नखाएवढा, पण तो नसेल तर अख्खं इंजिन म्हणजे शोपीस.

पुण्यातलं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही छोटी दुनिया किती गुंतवून ठेवते हे माहीत असेल. बाकीच्यांना वाटेल, ‘माझा काय संबंध?’ संबंध आहे. तुमच्या खिशातल्या फोनचं पुढे काय होणार, हे या छंदातल्या लोकांनी आधीच भोगलंय.

कंपनी गेली, साचे गेले

इटलीची लिमा ही कंपनी एकेकाळी स्वस्त मॉडेल ट्रेनसाठी युरोपभर प्रसिद्ध होती. ब्रिटिश बाजारासाठीही तिने भरपूर इंजिनं बनवली. २००४ मध्ये ती बंद पडली आणि ब्रिटनच्या हॉर्न्बीने तिचा ब्रँड विकत घेतला. पण ब्रँड विकत घेणं म्हणजे प्रत्येक जुन्या मॉडेलचा प्रत्येक स्क्रू पुन्हा बनवायची जबाबदारी घेणं नव्हे.

जर्मनीची मार्कलिन १८५९ पासूनची. तिनेही २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ती सावरली, आणि आजही तिच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून सुटे भाग शोधता येतात. म्हणजे तुमचं जुनं इंजिन दुरुस्त होणार की नाही, हे बऱ्याच अंशी कंपनीच्या नशिबावर आणि मर्जीवर अवलंबून.

त्यात आता उत्पादनाची पद्धतही बदलली आहे. बरीच मॉडेल्स चीनमधल्या कारखान्यांत ठरावीक संख्येच्या बॅचमध्ये बनतात. बॅच संपली की त्याच मॉडेलचे सुटे भाग पुन्हा कधी बनतील, याची खात्री नसते.

पार्सल महागलं

पूर्वी यावर उपाय सोपा होता: दुसऱ्या देशातल्या कुणाकडून तरी पार्ट पोस्टाने मागवायचा. ते गणितही बिघडलंय. १ जुलै २०२१ पासून युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतच्या आयात पार्सलवरची व्हॅटमाफी बंद केली. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची शुल्कमाफी सगळ्याच देशांसाठी बंद केली. त्या गोंधळात अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेची पार्सलं काही काळ थांबवली होती, भारतीय टपाल खात्यानेही.

हे नियम मुख्यतः स्वस्त ऑनलाइन मालाचा लोंढा रोखण्यासाठी आले. पण चार-पाच पाउंडांचा गिअरही त्याच चाळणीतून जातो. कर, हाताळणीचा खर्च आणि कागदपत्रं धरली की गिअरपेक्षा पार्सल महाग!

मग लोक करतात काय?

पहिला मार्ग: त्याच मॉडेलचं दुसरं बंद इंजिन स्वस्तात घ्यायचं आणि त्याचे पार्ट काढायचे. मोबाइल दुरुस्तीवाले डेड फोनचे करतात तेच. फक्त एक धोका आहे. दोन्ही इंजिनं एकाच वयाची असतील, तर दुसऱ्याचा गिअरही चिरलेला निघू शकतो.

दुसरा मार्ग: जुगाड. लिमाच्या जुन्या चपट्या मोटरच्या जागी लोक चक्क सीडी ड्राइव्हमधली छोटी मोटर बसवतात. ती हळू वेगात जास्त सफाईदार चालते. पण ती कमी व्होल्टेजची असते आणि रुळावर १२ व्होल्टपर्यंत वीज येते. म्हणून सर्किटमध्ये रेझिस्टर किंवा डायोड टाकावे लागतात, नाहीतर मोटर जळते.

तिसरा मार्ग: थ्रीडी प्रिंटिंग. इथे थोडं गणित लागतं. साध्या गिअरचा बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक २) केलं की ‘मॉड्यूल’ मिळतं, म्हणजे दातांचं माप. १४ दात आणि ८ मिलिमीटर व्यास असेल, तर ८ भागिले १६, म्हणजे ०.५. अशा गिअरचा एक दात साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. घरगुती प्रिंटरचं नोझल बहुतेक ०.४ मिलिमीटरचं. म्हणजे एका दातात जेमतेम दोन रेघा बसणार. तेवढ्यावर तो गिअर किती टिकेल याचा भरवसा नाही. असे बारीक गिअर रेझिन प्रिंटरवर जास्त नेमके येतात. किंवा मॉड्यूल, दात आणि अ‍ॅक्सलची जाडी मोजून तयार गिअर विकत घ्यायचा. बऱ्याचदा तोच सोपा मार्ग ठरतो.

खरा हिरो: स्टँडर्ड

आता गंमत बघा. गिअरसाठी एवढी धावपळ करावी लागते, पण त्याच इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक भाग बदलणं तुलनेने सोपं असतं. कारण तिथे स्टँडर्ड आहे. डिजिटल ट्रेनमध्ये प्रत्येक इंजिनात डीकोडर नावाची चिप असते. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात डीसीसी हे खुलं स्टँडर्ड स्वीकारलं. त्यामुळे एका कंपनीच्या इंजिनात दुसऱ्या कंपनीचा डीकोडर बसतो आणि तिसऱ्याच कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो. आठ पिनांचं सॉकेट असेल, तर जुना काढा, नवा लावा.

२०२३ मध्ये हॉर्न्बीने फोनच्या ब्लूटूथवरून चालणारे डीकोडर आणले. ते नेहमीच्या डीसीसीवरही चालतात, आणि माझ्या मते त्यांची ही बाजू सगळ्यात मोलाची आहे. अ‍ॅप उद्या बंद पडलं तरी ट्रेन बंद पडणार नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘डिपेंडन्सी’ म्हणतो. ज्याच्यावर आपलं काम अवलंबून आहे तेच गायब झालं तर काय, हा प्रश्न वस्तू विकत घेण्याआधी विचारायचा असतो.

कायदा कुठपर्यंत पोहोचलाय?

युरोपियन युनियनचा दुरुस्तीचा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला. सदस्य देशांनी तो लागू करण्याची तारीख आहे ३१ जुलै २०२६. यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन, टॅबलेट वगैरे आहेत. मॉडेल ट्रेन नाही. पण त्यात एक कलम भारी आहे: यादीतल्या वस्तूंच्या दुरुस्तीत सेकंडहँड, दुसऱ्या कंपनीचे किंवा थ्रीडी प्रिंट केलेले पार्ट नियमात बसत असतील, तर ते वापरण्यात कंपनीने अडथळा आणायचा नाही. मॉडेल ट्रेनवाले वर्षानुवर्षं घरच्या टेबलावर जे करत आले, ते आता कायद्याच्या भाषेत आलंय.

फोनसाठी वेगळा नियमही २० जून २०२५ पासून लागू आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावर महत्त्वाचे सुटे भाग किमान ७ वर्षं मिळाले पाहिजेत. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये ‘पार्ट पेअरिंग’वर बंदी आणली. पार्ट पेअरिंग म्हणजे अस्सल स्क्रीन बसवली तरी सॉफ्टवेअर ती नाकारतं, कारण तिचा नंबर तुमच्या फोनशी जोडलेला नाही.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक कसा असावा, यावर नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि पार्ट मिळण्याचा हक्क असणं वेगळं.

आणि ७ वर्षांची अट असली, तरी कंपनीच बुडाली तर पार्ट देणार कोण? लिमाच्या इंजिनांना आज आधार आहे तो मोजमापांचा, जुन्या सर्व्हिस शीटचा आणि खुल्या स्टँडर्डचा. म्हणून मागणी फक्त पार्टची नको. आकृती, मापं आणि दुरुस्तीची माहिती खुली करा, ही मागणी जास्त महत्त्वाची आहे.

विकत घेण्याआधी

इंजिन घेत असाल तर:

- मॉडेल नंबर मागून घ्या आणि त्याची सर्व्हिस शीट मिळते का ते आधी बघा.
- चालतानाचा व्हिडिओ मागा, दोन्ही दिशांचा. आवाज बंद केलेला व्हिडिओ चालणार नाही, ‘टक-टक’ ऐकायची आहे.
- गिअर, कार्बन ब्रश आणि चाकांवरचे रबरी टायर आज कुठे मिळतात, केवढ्याला, ते शोधा.
- धातूची चॅसिस फुगलेली किंवा तडकलेली असेल तर सोडून द्या. जस्ताच्या मिश्रधातूत अशुद्धता असली की तो आतून कुजतो, त्यावर इलाज नाही.
- डीकोडरचं सॉकेट स्टँडर्ड आहे का, ते विचारा.

आणि सेकंडहँड फोन घेत असाल तर हीच यादी वापरा. फक्त गिअरच्या जागी बॅटरी, टायरच्या जागी स्क्रीन आणि सॉकेटच्या जागी पार्ट पेअरिंग वाचा.