शस्त्रक्रियेचा खर्च आणि आपली चिठ्ठी

वडोदऱ्यात गेली तीस वर्षे मी फिजिशियन म्हणून व्यवसाय करीत आहे. या काळात शस्त्रक्रियेसाठी अन्यत्र पाठविलेल्या रुग्णांच्या हाती कितीतरी चिठ्ठ्या दिल्या. त्यांपैकी एका चिठ्ठीने मला जो धडा शिकविला, तो व्यवसायबंधू-भगिनींपुढे आणि समाजातील वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या पावसाळ्यात दांडिया बाजारातील एक निवृत्त शिक्षक कावीळ झाली म्हणून माझ्याकडे आले. तपासण्यांअंती स्वादुपिंडाच्या मुखाशी गाठ असल्याचे निष्पन्न झाले. ही शस्त्रक्रिया अवघड. ती वारंवार करणाऱ्या हातांखालून रुग्ण सुखरूप बाहेर पडण्याची शक्यता अधिक, हे आपण सारे जाणतो. मुंबईतील अशाच एका अनुभवी शल्यचिकित्सकाचे नाव मी सुचविले. निरोप देताना सहज म्हणालो, "मास्तर, मोठं ऑपरेशन आहे. स्वतंत्र खोली घ्या, आराम पडेल."

मास्तरांचा ५ लाखांचा वैद्यकीय विमा होता. परंतु ते रुग्णालय विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसल्याने सारी रक्कम आधी स्वतः भरावी लागली. मुदत ठेव मोडली, बाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन महिन्यांनी विम्याचे पैसे आले, ते मात्र अपेक्षेहून पुष्कळ कमी. बाई म्हणाल्या, "हे बरे झाले, त्यातच सगळं आलं, डॉक्टरसाहेब. पण खोलीचं आधी कळलं असतं, तर आम्ही साध्या खोलीतही राहिलो असतो हो."

मी निरुत्तर झालो. अनेक पॉलिसींत खोलीच्या दैनिक भाड्याला विमारकमेच्या १ टक्क्याची मर्यादा असते. ५ लाखांवर ५,००० रुपये. मास्तरांनी ८,००० ची खोली घेतली. वरचे ३,००० तेवढे आपल्या अंगावर पडतील, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात त्याच प्रमाणात शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञाची फी व शस्त्रक्रियागृहाचे भाडे यांनाही कात्री लागली. या बाबींचे २,४०,००० झाले होते. मंजूर झाले १,५०,०००. उरलेले ९०,००० रुपये माझ्या एका वाक्यापायी गेले. औषधे, इम्प्लांट, तपासण्या व अतिदक्षता विभाग यांच्या खर्चाला ही कपात लावू नये, तसेच जेथे खोलीनुसार दर बदलत नाहीत तेथे ती मुळीच करू नये, असे विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केले होते. मला ते नंतर कळले.

येथे सारा दोष विमा कंपनीच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्याच टेबलावर, त्याच हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेची फी रुग्ण कोणत्या खोलीत झोपतो यावरून ठरते, ही रीत कोणी पाडली? आपल्याच रुग्णालयांनी. कपातीचे मूळ त्या रीतीत आहे.

काही सहकारी म्हणतील, पैशांचा विचार हे वैद्याचे काम नव्हे. मला हे पटत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, वैद्याने आपली फी उपचारापूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. शस्त्रक्रियेतील धोके समजावून आपण संमती घेतो. कर्जाचा धोका हाही धोकाच आहे, आणि तो सबंध कुटुंबाला भोवतो.

याचा अर्थ नेटवर्कमध्ये असेल तोच शल्यचिकित्सक निवडावा, असा कोणी घेऊ नये. ती यादी दर व करार यांवर बनते. हाताच्या कौशल्याची ती गुणपत्रिका नव्हे. मास्तरांना मी पुन्हा त्याच शल्यचिकित्सकाकडे पाठवीन. मात्र चिठ्ठी देण्यापूर्वी चार गोष्टी विचारीन. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती? खर्चाचा लेखी अंदाज घेतला का? शल्यचिकित्सकाची फी रुग्णालयाच्या बिलातच येणार ना? कारण ती बाहेर, विशेषतः रोखीने दिली, तर दाव्यात हमखास वाद उद्भवतो. आणि कंपनीला वेळेत कळविले का?

या शेवटच्या प्रश्नाला आता अधिक महत्त्व आहे. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये नेटवर्कबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेसची सोय जाहीर केली. नियोजित शस्त्रक्रियेची सूचना ४८ तास आधी, तातडीने दाखल झाल्यास ४८ तासांच्या आत द्यावयाची असते. रुग्णालयाची तयारी व कंपनीची मंजुरी लागतेच. तरी विचारल्यावाचून पाटल्या गहाण टाकू नयेत. दावा अन्यायाने कापला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकील लागत नाही. गुजरातचे कार्यालय अहमदाबादेत आहे.

आपल्या मंडळाला माझी नम्र सूचना आहे. हे चार प्रश्न मराठी व गुजरातीत एका पानावर छापून प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात ठेवावेत, आणि चिठ्ठीसोबत ते पान रुग्णाच्या हाती द्यावे. खर्च नगण्य आहे. त्यातून एखाद्या घरची मुदत ठेव वाचली, तरी वर्षभराच्या स्नेहमीलनांइतकेच पुण्य मंडळाच्या पदरी पडेल.

मास्तर आता दर तीन महिन्यांनी तपासणीस येतात, प्रकृती ठीक आहे. पाटल्या अद्याप सुटलेल्या नाहीत. त्यांनी कधी बोल लावला नाही. म्हणूनच हे लिहिणे मला आवश्यक वाटले.