नवी आवृत्ती घ्या, पण आधी जुना आवाज सांभाळा



घरच्या संगणकावर गाणे मुद्रित करणे ही आता आपल्याकडे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणी स्नेहसंमेलनासाठी समूहगीताचा ट्रॅक तयार करतो, कुणी भजनी मंडळाचे अभंग मुद्रित करून गावाकडच्या नातेवाइकांना पाठवतो, तर कुणी आपला तबल्याचा रियाज आपल्यालाच ऐकता यावा म्हणून साठवून ठेवतो. या सर्वांना अधूनमधून एकच प्रश्न पडतो. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. ती घ्यावी, की आहे तेच बरे?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नवी आवृत्ती जरूर घ्यावी, परंतु जुने मुद्रण साध्या रूपात, सुरक्षित जागी ठेवल्याशिवाय मुळीच घेऊ नये. आणि शाळेला या कामी पैसे खर्च करायचे असतील, तर ते आधी सॉफ्टवेअरवर नव्हे, आवाज जपण्यावर खर्च करावेत.

आपल्या भूमीचे आणि मराठी संगीताचे एक जुने नाते आहे. १९५४ च्या मुक्तिसंग्रामात जुलैच्या २१-२२ तारखांच्या रात्री दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके स्वतः उतरले होते. लढ्यासाठी निधी उभारायला त्याच वर्षी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता, हेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५५ साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमांचे आणि फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते सादर झाली. ती आज आपल्याला ऐकायला मिळतात, कारण वेळोवेळी कुणीतरी त्यांना जुन्या साधनातून नव्या साधनात नेले. रेडिओनंतर तबकडी आली, मग कॅसेट, मग सीडी, आणि आता ती फोनमध्येही ऐकता येतात. यांतले एकही साधन कायमचे राहिले नाही. गाणे राहिले, कारण नेणारे हात राहिले. आपल्या घरातल्या मुद्रणांसाठी असे हात कोणाचे? आकाशवाणी किंवा एखादी कंपनी काही आपल्या आजीच्या ओव्या सांभाळायला येणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? काही जणांना मात्र नवे आले की ते आजच्या आज हवे असते. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. एक उदाहरण पाहू.

‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर बऱ्याच विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असेल. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि २००० साली ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. मार्च २०२१ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका गाण्याचे काम दोन ठिकाणी साठवले जाई. एक छोटी फाइल असे, आणि तिच्या जोडीला शेकडो तुकड्यांनी भरलेले एक फोल्डर. खरा आवाज त्या फोल्डरमध्ये असे. पेन ड्राइव्हवर नुसती छोटी फाइल नेली, की दुसऱ्या संगणकावर रिकामा पडदा दिसे! मार्च २०२१ मध्ये ३.० ही आवृत्ती आली आणि सगळे काम एकाच फाइलमध्ये साठू लागले. ही सुधारणा खरोखरच उपयोगाची होती. पुढे सप्टेंबर २०२२ च्या ३.२ आवृत्तीत आणखी एक सोय झाली. घुमारा किंवा आवाजाचा पोत बदलणारे परिणाम गाणे वाजत असतानाच ऐकत ऐकत बदलता येऊ लागले आणि मूळ मुद्रणाला धक्का लागेनासा झाला. म्हणून ‘आहे तेच बरे’ म्हणणाऱ्यांना मी सांगेन की नव्याला उगाच भिऊ नका.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. नव्या आवृत्तीत जुने काम उघडते, मात्र नव्यात साठवलेले काम २.० मालिकेतल्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे घरी नवी आवृत्ती आणि शाळेच्या संगणकावर जुनी असेल, तर मुलाने रात्री जागून केलेले समूहगीत सकाळी शाळेत उघडणारच नाही. दोष मुलाचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. घर आणि शाळा यांनी एकमेकांना न विचारता आपापला निर्णय घेतला, इतकेच. घरातले सॉफ्टवेअर ही वरवर खाजगी बाब दिसली, तरी जिथे दहा घरांची मुले मिळून एक गाणे करतात तिथे तो सर्वांचा विषय होतो.

विकतच्या सॉफ्टवेअरची कथा आणखी बोलकी आहे. ‘केकवॉक’ या नामवंत कंपनीने २०१६ साली आपल्या ‘सोनार’ या सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना आजीवन नव्या आवृत्त्या देऊ केल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिची मालक असलेल्या गिब्सन कंपनीने सोनारचे कामच थांबवल्याचे जाहीर केले. आजीवन म्हणता म्हणता दीड वर्षातच विषय संपला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन पुढे चालवले, ही वापरणाऱ्यांच्या नशिबाची गोष्ट. यातला बोध इतकाच की सॉफ्टवेअरचे आयुष्य आपल्या हातात नसते. ज्या फाइलला उघडण्यासाठी एकाच कंपनीची किल्ली लागते, ती फाइल घरात असली तरी पूर्णपणे आपली नसते.

मग आपली फाइल कोणती? गेली तीन दशके आणि अधिक काळ जवळजवळ प्रत्येक संगणक आणि प्रत्येक सॉफ्टवेअर जी वाचू शकते, ती साधी ‘वेव्ह’ फाइल. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे मोजमाप घेतले जाते. अशा स्टिरिओ मुद्रणाच्या एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे सुमारे ३० एमबी. तेच गाणे साधारण दर्जाच्या ‘एमपी३’ मध्ये ३ एमबीत बसते, म्हणून अनेक जण तेवढेच ठेवतात. परंतु एमपी३ करताना आवाजातला काही भाग गाळला जातो, आणि गाळलेला भाग पुन्हा मिळत नाही. पाठवण्यासाठी एमपी३ ठीक. जपण्यासाठी वेव्ह हवी. जागेची काळजीही आता करू नये. एक टेराबाइटच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचे सुमारे दीड हजार तासांचे मुद्रण मावते. आपल्या शाळेची अनेक वर्षांची स्नेहसंमेलने त्यात सहज बसतील.

आणखी एका मोहापासून सावध राहायला हवे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करण्याची साधने असतात. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा गोंगाट ती छान काढतात. पण त्यांतल्या अनेक साधनांची समजूत अशी असते की माणसाचे बोलणे तेवढे कामाचे आणि मागे सतत चालणारा सूर म्हणजे कचरा. आता आपल्या परिसरातल्या तारप्याचा विचार करा. भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून घडलेल्या त्या वाद्याचा प्राण म्हणजे श्वास न तोडता चालणारा अखंड सूर. तानपुऱ्याचेही तसेच. स्वच्छतेच्या नादात हा सूरच पुसला जाण्याची भीती असते. आमच्या वारली, कोकणा आणि धोडिया विद्यार्थ्यांच्या घरी जे वाजते आणि गायले जाते, त्याची पारख दूरदेशी बनलेल्या सॉफ्टवेअरला कशी असणार? म्हणून मूळ मुद्रण जसेच्या तसे बाजूला ठेवावे. जी काही रंगरंगोटी करायची, ती नकलेवर करावी.

विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला चालणारे भाग नसल्यामुळे अनेक घरांतील चांगले संगणक मागे पडले. ‘आता नवा संगणक घ्यावाच लागेल’ या धास्तीने पालकांनी कर्ज काढण्याचे कारण नाही. बँकेचे व्यवहार किंवा इंटरनेटसाठी असा जुना संगणक वापरणे धोक्याचे आहे, हे खरे. पण इंटरनेटची जोडणी काढून तोच संगणक फक्त मुद्रणासाठी ठेवला, तर तो पूर्वीइतकेच चांगले काम देईल. उलट मुद्रण चालू असताना मध्येच येणाऱ्या सूचनांचा त्रासही वाचेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत कुणाकडून तरी आणणे, हे अनेक घरांत सहज घडते. मुलाला आपण एकीकडे प्रामाणिकपणाचा धडा देतो आणि दुसरीकडे चोरीची प्रत बसवून देतो, हे शोभत नाही. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस आला तर वर्षानुवर्षांचे मुद्रण एका रात्रीत जाऊ शकते. मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध असताना ही जोखीम कशासाठी?

आता विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे काही सूचना ठेवतो. शाळेने दोन बाह्य हार्ड डिस्क आणि एक चांगला मायक्रोफोन घ्यावा. एक डिस्क शाळेत आणि दुसरी अन्यत्र ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात एकीला पाणी लागले तरी दुसरी राहील. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी संगीत आणि संगणक विषयांच्या शिक्षकांनी मिळून एकच आवृत्ती ठरवावी, ती सूचनाफलकावर लावावी आणि वर्ष संपेपर्यंत बदलू नये. नव्या आवृत्तीचा विचार परीक्षा झाल्यावर, सुट्टीत व्हावा. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी आणि तीत प्रत्येक मुद्रणाची नोंद करावी: कोण गायले, कोणत्या बोलीत, कुठे, कोणत्या तारखेला, आणि गाणाऱ्याची संमती घेतली का. नोंद नसलेला आवाज दहा वर्षांनी कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

पालकांना एवढीच विनंती की नवी आवृत्ती बसवण्याआधी एक रविवार काढा. प्रत्येक जुने काम जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. त्यातला गायकाचा, पेटीचा, तबल्याचा असा प्रत्येक ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. ती फाइल दुसऱ्या संगणकावर वाजते का, ते कानांनी ऐकून खात्री करा. मगच पुढे जा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. १९५४ चा लढा पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली वारली गाणी, घांगळीच्या साथीने सांगितलेल्या कथा ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांचेही वय झाले आहे. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती दरवर्षी येईल. या माणसांची पुढची आवृत्ती येणार नाही. तुमच्याकडे आज जे सॉफ्टवेअर आहे, ते कितीही जुने असो, या कामाला पुरेसे आहे. येत्या सुट्टीत आजी-आजोबांसमोर मायक्रोफोन ठेवा, पंखा बंद करा, आणि त्यांना गाऊ द्या.