विश्लेषण : डहाणू-तलासरीच्या जमिनीखालचा नकाशा कोणासाठी?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसर त्याचे केंद्र ठरला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. कित्येक कुटुंबांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. धक्के थांबले की चर्चाही थांबते. धोका मात्र तिथेच असतो.

खडकाआड काय दडले आहे?

या भागात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट पसरलेला आहे. त्याखालच्या जुन्या खडकातील भेगा, म्हणजेच प्रस्तरभंग, वरून दिसत नाहीत. त्या शोधायला भूकंपलहरींचा उपयोग होतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरींवरून पोटातले चित्र मिळते, तसेच हे. अखंड खडकातून लहरी वेगाने जातात, तडकलेल्या खडकातून त्या मंदावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) येथे भूकंपमापक बसवले. वेगवेगळ्या यंत्रांपर्यंत लहर पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून धक्क्याची जागा आणि खोली कळते.

यातून भाकीत करता येते का?

नाही. भूकंप कधी होईल, हे कोणतेही चित्र सांगत नाही. पण भेग कुठून कुठे जाते, किती लांब आहे, हे कळले तर जास्तीत जास्त किती मोठा धक्का बसू शकतो याचा अंदाज बांधता येतो. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हा अभ्यास दशकानुदशके चालला. तेथे तीन किलोमीटर खोल विवरही खणले गेले. डहाणूलाही तेवढ्याच चिकाटीची गरज आहे.

मग अडते कुठे?

वाढवण बंदर, बुलेट ट्रेन अशा मोठ्या प्रकल्पांकडे जमीन तपासायला अभियंते असतात. पाड्यावर घरकुल बांधणाऱ्या आदिवासी कुटुंबाकडे कोण असते? त्याच्या हाती गवंडी आणि हप्त्याने येणारे अनुदान एवढेच असते. भिंतीला भूकंपरोधक पट्टा घालायचा की नाही, हा त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

म्हणूनच भूगर्भाचा नकाशा शोधनिबंधांत अडकून चालणार नाही. तो सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे यावा आणि शाळा, अंगणवाडी, घरकुलांचे आराखडे त्यावरून ठरावेत. ज्यांच्या पायाखालची जमीन हलते, त्या नकाशावर पहिला हक्क त्यांचाच आहे.