मावशींचा पगार रोख का?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलमध्ये मी लोकांचे कराचे अर्ज भरून देते. फेब्रुवारी लागला की ओळखीची मराठी घरं फायली घेऊन येतात. नवरा-बायको दोघंही नोकरीत, शेअरचा हिशेब सेंटापर्यंत चोख. घोडं अडतं एकाच रकान्यात. मूल सांभाळण्याच्या खर्चावर करात सवलत मिळते, पण त्यासाठी सांभाळणाऱ्या व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहावा लागतो. मी तो मागितला की दोघं एकमेकांकडे बघतात. मग ठरलेलं उत्तर येतं, "राहू दे, ती सवलत सोडून देऊ."

कारण मावशींचा पगार रोख असतो.

या मावशी बहुतेक साठीच्या आसपासच्या, मुलाने ग्रीन कार्डवर आणलेल्या. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला सुटतात, आणि मीटिंग लांबली की सातला. बाळाची आंघोळ, मऊ वरणभात, बाबागाडीतून फेरी. बाळ झोपलं की पोळ्या. पोळ्या कामात ठरलेल्या नसतात, पण "मावशी, तेवढ्या करून ठेवाल का?" असं कोणी म्हटलं तर नाही कसं म्हणणार? दिवसाचे शंभर, फार तर सव्वाशे डॉलर हातावर पडतात. दहा तासांनी भागून बघा. 2025 मध्ये वॉशिंग्टन राज्याचं किमान वेतन तासाला 16.66 डॉलर होतं. त्यात मंडळी डिसेंबरात भारतात गेली की महिनाभर पगार बंद. स्वतःच्या भरपगारी रजेसाठी कंपनीला पानभर ईमेल करणाऱ्या माणसांना यात काही खटकत नाही, याचं मला नवल वाटतं.

"आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो," असं सांगतात. वागवतातही, दिवाळीला साडी असते. पण म्हातारपणी दवाखान्याचं बिल साडीने भागत नाही. इथे 2025 मध्ये 1,810 डॉलरच्या नोंदलेल्या कमाईला सोशल सिक्युरिटीचं एक क्रेडिट मिळत होतं, वर्षाला जास्तीत जास्त चार. चाळीस क्रेडिट जमली की पेन्शनचा हक्क लागतो आणि पासष्टीनंतर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा हॉस्पिटलचा भाग हप्त्याशिवाय मिळतो. म्हणजे दहा वर्षं चोख पगार झाला, तर मावशी मुलावर अवलंबून राहत नाहीत. रोखीत दहा वर्षं गेली तर खात्यावर शून्य. यासाठी मालकाने भरायचा कराचा वाटा किती? पगाराच्या 7.65 टक्के. तेवढाच मावशींच्या पगारातून कापायचा. वर्षाचा पगार 2,800 डॉलर किंवा त्याहून जास्त झाला की 2025 मध्ये हे बंधनकारकच होतं.

मावशींनाच रोख हवं असतं, हेही खरं असतं कधीकधी. हातात कमी येईल अशी भीती असते, आणि क्रेडिटची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाईचं तर विचारूच नका. तिला कामाची परवानगी नाही हे ठेवणाऱ्यालाही माहीत असतं, आणि दर त्याच हिशेबाने पाडला जातो.

डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा आपल्या घराघरांत संताप होता. अंगझडतीवरचा तो संताप योग्यच होता. आरोप असा होता की त्यांच्या घरकामाच्या बाईला व्हिसाच्या कागदावर तासाला 9.75 डॉलर लिहिले आणि प्रत्यक्षात 3.31 च्या आसपास पडले. त्यांनी आरोप नाकारले. राजनैतिक संरक्षणामुळे खटला चाललाच नाही, तेव्हा खरंखोटं न्यायालयात ठरलं नाही. पण त्या दिवसांत मी ज्या ज्या पंगतीत बसले, तिथे 3.31 हा आकडा कोणी उच्चारला नाही.

अर्ध्या तासावरच्या सिअॅटलमध्ये चित्र वेगळं आहे. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत तिथे नगरसेविका होत्या. 2014 मध्ये किमान वेतन 15 डॉलरवर नेण्याच्या लढ्यात त्या पुढे होत्या. घरकामगारांसाठीचा शहराचा कायदा 1 जुलै 2019 पासून लागू झाला. किमान वेतन, जेवणाची सुट्टी, घरी राहून काम करणारीला सलग सहा दिवसांनंतर एक दिवस मोकळा, आणि तिची कागदपत्रं मालकाने ठेवून घ्यायची नाहीत. हा कायदा शहराच्या वेशीपर्यंतच. इकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कमी रेटमध्ये चांगल्या मावशी' असा निरोप फिरतो आणि त्याखाली अंगठे येतात. महाराष्ट्रातही घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. तिथे मोलकरणीचा पगार ठरवताना जी घासाघीस आपण बघत वाढलो, तीच सोबत घेऊन आलो असं मला वाटतं.

आता मी फाइल उघडण्याआधीच विचारते, घरी कामाला कोण आहे? काही जण हिशेब दुसरीकडे घेऊन गेले. एकीने मात्र मागच्या तीन वर्षांचे अर्ज दुरुस्त करायला काढलेत. मावशींच्या खात्यात बारा क्रेडिट पडतील. दंड किती बसेल, असं तिचा नवरा दर दोन दिवसांनी विचारतो. बसेल तेवढा भरा, म्हणून सांगितलंय.