निवड आली, तेथे सल्लागार हवाच

अभ्यासक्रम ठरलेला असल्याने जीवशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांना सल्लागार नको, हे एका पत्रलेखकाचे मत २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर टिकत नाही. कारण मुख्य व दुय्यम विषय, तसेच श्रेयांक, म्हणजे अध्ययनाचे तास मोजण्याचे एकक, यांची निवड आता विद्यार्थ्यालाच करावी लागते, आणि तीन वर्षांनी थांबायचे की चौथे वर्ष करायचे, हेही त्यानेच ठरवायचे असते. ही निवड करताना कारंजा (घाडगे) परिसरातील संत्राबागेत वाढलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला, झाडाच्या बुंध्यातून डिंक गाळणारा डिंक्या रोग हा वनस्पतिशास्त्रातील संशोधनाचा विषय आहे आणि त्यासाठी नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, हे कोणीतरी वेळेवर सांगायलाच हवे. नागपूर विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात प्रवेशापूर्वीच असा सल्लागार प्राध्यापक नेमावा.

— एक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा